ठसे, चेहरे आणि राजे
जोगळटेंभीच्या नाण्यांवरील एका जुन्या युक्तिवादाचे परीक्षण

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, गोदावरी आणि दारणा ह्यांच्या संगमाजवळ जोगळटेंभी हे गाव आहे. तेथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. नाण्यांची संख्या १३,२५० हून अधिक होती. एकेक नाणे जेमतेम दोन ग्रॅमचे, म्हणजे सगळा साठा वजनाने पंचवीस किलोच्या आसपास. ही सर्व नाणी क्षहरात क्षत्रप नहपान ह्याच्या नावाची होती. त्यांपैकी ९,२७० हून अधिक नाणी न वितळवता, तशीच्या तशी पुन्हा ठोकून, त्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा उमटवलेली होती.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला असे एक वाक्य असते. त्या वाक्यामागे दोन भक्कम पुरावे आहेत आणि दोन्ही नाशिकचे आहेत. एक, पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा शिलालेख. त्यात आपल्या पुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केला असे ही राजमाता सांगते. दुसरा पुरावा म्हणजे जोगळटेंभीची नाणी. शिलालेखातली प्रशस्ती अतिशयोक्त असू शकते; नऊ हजार नाण्यांवर उमटलेली जेत्याची मुद्रा अतिशयोक्ती करत नाही.

ह्या साठ्याचे सविस्तर वर्णन रेव्हरंड एच. आर. स्कॉट ह्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात, बाविसाव्या खंडात (१९०८) प्रसिद्ध केले. भारतात सापडलेल्या नाणेनिधींच्या अहवालांत हा अहवाल आजही वाचण्याजोगा आहे. स्कॉट ह्यांनी नाणी मोजली, पुन्हा ठोकलेली आणि न ठोकलेली अशी वेगळी केली, त्यांवरील ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी ह्या तीन लिप्यांतील लेखांकडे बारकाईने पाहिले. त्या काळी हजारो नाण्यांतून दोन-चार देखणी नाणी निवडून बाकीच्यांकडे दुर्लक्ष करण्याची सवय सर्रास होती. त्या पार्श्वभूमीवर हे काम मोठेच म्हटले पाहिजे.

परंतु त्याच अहवालातील एका अनुमानाकडे आम्हांला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. नहपानाच्या नाण्याच्या दर्शनी बाजूवर उजवीकडे पाहणाऱ्या पुरुषाचे शिर आहे. स्कॉट ह्यांना आढळले की ही शिरे एकसारखी नाहीत. काही तरुण, काही वृद्ध. कोणाचे नाक सरळ, कोणाचे बाकदार. कोणाचा चेहरा लांबट, कोणाचा गोल. एकच माणूस आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर असा दिसला असेल असे म्हणावे, तर नाकाडोळ्यांची ठेवणच बदलते. म्हणून त्यांनी असे अनुमान काढले की ही नाणी एका नहपानाची नसून क्षहरात घराण्यातील अनेक व्यक्तींची असावीत. प्रत्येकाने चेहरा स्वतःचा घातला आणि नाव मात्र मूळ पुरुषाचे ठेवले.

अनुमान आकर्षक आहे आणि त्याचे परिणाम दूरवर जातात. ते खरे मानले तर नहपान आणि गौतमीपुत्र समकालीन राहत नाहीत. दोघांच्या मध्ये काही पिढ्या येतात, आणि सातवाहन-क्षत्रप संघर्षाचा सगळा कालानुक्रम सरकतो. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाची मांडणी नाकाच्या बाकावर अवलंबून राहावी का, असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी राजघराण्यांकडून टांकसाळीकडे वळावे लागते.

फरक कोठून येतो?

यंत्रे येण्यापूर्वी नाणे हाताने ठोकले जाई. धातूची चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवायची आणि वरून हातोड्याचा घाव घालायचा. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, वरचा हातात धरलेला. ह्या ठशाला नाणेसंग्राहक 'डाय' म्हणतात. ठशावर चित्र व अक्षरे उलटी आणि खोलगट कोरलेली असतात. म्हणजे नाण्यावर ती सुलटी आणि उठावाची येतात. वरच्या ठशावर घाव थेट बसतो, म्हणून तो लवकर निकामी होतो. खालचा अधिक टिकतो. मोठ्या प्रमाणावर नाणी पाडायची तर एकामागून एक नवे ठसे कोरावेच लागतात, आणि हाताने कोरलेले दोन ठसे कधीही तंतोतंत सारखे नसतात.

ह्यावरून दोन नाण्यांत दिसणाऱ्या फरकाची कारणे चार प्रकारची असू शकतात, हे लक्षात येईल. पहिले, ठसाच वेगळा. दुसरे, ठसा तोच, पण वापराने झिजलेला, तडकलेला किंवा मध्येच खरवडून दुरुस्त केलेला. तिसरे, ठसा तोच, पण घाव तिरका, कमी किंवा दोनदा बसलेला, अथवा चकती सरकलेली. चौथे, टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतरची झीज, गंज आणि हौशी माणसांनी केलेली घासपूस. ह्या चारांपैकी पहिल्या कारणानेच नाण्याचा नवा 'प्रकार' निर्माण होतो. दुसऱ्या कारणाचा वेगळाच उपयोग असतो. ठशाला गेलेली तडा नाण्यावर उठावाच्या रेषेसारखी दिसते. ती वाढत जाते, कमी होत नाही. त्यामुळे लहान तडा असलेले नाणे आधीचे आणि मोठी तडा असलेले नंतरचे, असा क्रम लावता येतो. तिसरे आणि चौथे कारण त्या एका नाण्यापुरते असते. टांकसाळीच्या कारभाराबद्दल ते जवळजवळ काहीच सांगत नाही.

आता आणखी एक दुवा. खालचा आणि वरचा ठसा एकाच वेळी निकामी होत नाहीत. वरचा फुटला की खालच्याशी नव्याची जोडी लागते. पुढे खालचा गेला की तोच नवा ठसा दुसऱ्या खालच्या ठशाबरोबर चालतो. अशा तऱ्हेने ठशांची साखळी तयार होते. दोन नाण्यांची दर्शनी बाजू वेगवेगळ्या ठशांची, पण मागची बाजू एकाच ठशाची असेल, तर ती दोन्ही एकाच टांकसाळीतील आणि जवळपास एकाच काळातील, हे निःसंशय ठरते. लेख नसलेल्या, तारीख नसलेल्या नाण्यांच्या बाबतीत इतका खात्रीचा पुरावा दुसरा क्वचितच मिळतो.

एक देवता, अनेक मुखे

चेहऱ्यांतील फरकावरून व्यक्तींतील फरक सिद्ध होतो का, हे तपासायचे असेल तर अशी नाणी हवीत की ज्यांची टांकसाळ, वर्ष आणि चित्रातील व्यक्ती आपल्याला आधीच निश्चित ठाऊक आहेत. सुदैवाने अशी नाणी आहेत. ती आहेत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची सुरुवातीची तांब्याची सेंट नाणी.

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने ही मोठी सेंट नाणी १७९३ साली पाडायला सुरुवात केली. पहिल्याच प्रकारात कोरणाऱ्याला जागा पुरली नाही आणि देशाचे नाव त्याने 'अमेरि.' असे तोडून टाकले. लवकरच दुसऱ्या ठशावर ते पूर्ण आले. अक्षरे आणि आकडे सुट्या पंचांनी एकेक करून ठोकले जात. शिराच्या चित्रावर, विशेषतः केसांवर, हाताने काम केले जाई. त्यामुळे प्रत्येक ठसा वेगळा ओळखता येतो. एकट्या १७९४ सालच्या सेंटमध्ये संग्राहकांनी ठशांच्या पन्नासांहून अधिक जोड्या वेगळ्या केल्या आहेत.

ह्या १७९४ च्या नाण्यांची पहिली पद्धतशीर यादी फिलाडेल्फियाचे एक डॉक्टर, एडवर्ड मॅरिस, ह्यांनी १८६९ साली प्रसिद्ध केली. त्यांनी प्रकारांना क्रमांकांबरोबर नावेही दिली. एकीला 'तरुण शिर' म्हटले, एकीला 'नखरेल', एकीला 'प्रणयी मुद्रा', तर एकीला 'व्रण असलेले शिर'. वाचताना वाटावे की ह्या कितीतरी निरनिराळ्या स्त्रिया आहेत. प्रत्यक्षात त्या सर्व नाण्यांवर एकच आकृती आहे, ती म्हणजे स्वातंत्र्यदेवता. ती देवता असल्यामुळे तिचे वय वाढण्याचा प्रश्न नाही, तिला वारस असण्याचा प्रश्न नाही. टांकसाळ एक, वर्ष एक, चित्राचा विषय एक. तरीही चेहरे अनेक.

स्कॉट ह्यांनी लावलेली कसोटी ह्या नाण्यांना लावली, तर १७९४ साली अमेरिकेवर एकाच घराण्यातील अनेक राण्यांनी राज्य केले असा निष्कर्ष निघेल. कसोटी चुकीची आहे हे दाखवायला एवढे उदाहरण पुरेसे आहे.

युक्तिवाद कोठे घसरतो?

न्यायाने वागायचे तर स्कॉट ह्यांच्या अनुमानाचे दोन भाग वेगळे केले पाहिजेत. पहिला भाग असा की मृत राजाचे नाव नाण्यावर पुढे चालू राहू शकते. ह्यात अशक्य काहीच नाही. त्याची उदाहरणे आपल्याच परिसरात आहेत आणि त्यांकडे आपण पुढे येणार आहोत. दुसरा भाग असा की चेहरे वेगळे आहेत, त्या अर्थी तसेच घडले. आमचा आक्षेप ह्या दुसऱ्या भागाला आहे.

नहपानाच्या नाण्यांवरील ग्रीक लेखाकडे पाहा. भाषा ग्रीक नाहीच. भारतीय लेखच ग्रीक अक्षरांत उतरवलेला आहे. अनेक नाण्यांवर ही अक्षरे बिघडलेली आहेत. कोरणाऱ्या कारागिराला ग्रीक येत नव्हते, तो समोरचा नमुना पाहून रेघा ओढत होता, हे उघड आहे. मग ज्या हाताने अक्षर बिघडवले त्याच हाताने नाक मात्र हुबेहूब कोरले, असे कशावरून धरायचे? अक्षरांतील फरक आपण कारागिराच्या खात्यावर टाकतो आणि चेहऱ्यातील फरक राजाच्या खात्यावर. ह्या पक्षपाताला आधार नाही. त्यातच हे शिर मुळात रोमन सम्राटांच्या नाण्यांवरून घेतलेले असावे, असेही अभ्यासकांनी सुचवले आहे. तसे असेल तर ती प्रतिकृतीची प्रतिकृती ठरते आणि साम्याचा प्रश्नच मिटतो.

विज्ञानात एखाद्या कल्पनेची परीक्षा घ्यायची तर तिच्यापासून असे भाकीत काढावे लागते की जे खोटे ठरू शकेल. चेहरे निरनिराळ्या, एकामागून एक आलेल्या राजांचे असतील, तर एका चेहऱ्याच्या गटाची मागच्या बाजूचे ठसेही स्वतंत्र असायला हवेत. फार तर एका राजाच्या अखेरीचा ठसा पुढच्याच्या सुरुवातीला वापरला गेलेला दिसेल. उलट, चेहरे केवळ कारागिरांच्या हातांचे असतील, तर बाण आणि वज्र असलेला मागचा एकच ठसा 'तरुण' आणि 'वृद्ध' अशा दोन्ही शिरांबरोबर सरमिसळ जोडलेला सापडेल. शिवाय राजांचे चेहरे असतील तर ते मोजक्या गटांत पडतील. कारागिरांचे असतील तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग पसरलेले दिसतील. स्कॉट ह्यांचा युक्तिवाद चेहऱ्यांच्या तुलनेवर उभा आहे, ठशांच्या साखळीवर नाही. त्यामुळे त्यांचे निरीक्षण खरे असूनही निष्कर्ष त्यातून निघत नाही.

उलट दिशेची चूक: शिवराई

जोगळटेंभीच्या बाबतीत फरकाला जास्त अर्थ चिकटवला गेला. आता ह्याच्या नेमके उलट उदाहरण पाहू. त्यात सारखेपणाला जास्त अर्थ चिकटवला जातो. हे उदाहरण तांब्याचे आहे आणि बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचे आहे.

एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे असलेला तांब्याचा पैसा म्हणजे शिवराई. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि शिवाजी महाराजांच्या नावाची नाणी निघाली. परंतु ही शिवराई महाराजांबरोबर थांबली नाही. साताऱ्याच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात तोच लेख ठेवून ती पाडली जात राहिली. टांकसाळी अनेक होत्या, पुष्कळदा मक्त्याने दिलेल्या होत्या. उत्तरकाळात ओळींच्या मध्ये दोन समांतर रेघा असलेली 'दुदांडी' शिवराई आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही शिवराई बाजारात हातोहात फिरत होती. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट ह्यांनी त्याच काळात हजारो शिवराया चाळून त्यांच्या प्रकारांचा पहिला अभ्यास केला आणि तो रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाच्या विसाव्या खंडात छापला. मराठी संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतर करणारे ॲबट ते हेच.

म्हणजे मृत राजाचे नाव शंभर-सव्वाशे वर्षे नाण्यावर चालू राहिल्याचे हे ढळढळीत उदाहरण आहे. नाशिक जिल्ह्यातच, चांदवडच्या टांकसाळीत, होळकरांच्या अमलाखाली पडलेल्या चांदोरी रुपयावर दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे नाव असे. नाण्यावरचे नाव म्हणजे नाणे पाडणाऱ्याचे नाव, हे समीकरण येथे दोन्हीकडे खोटे ठरते. असे असूनही जुन्या बाजारात आणि प्रदर्शनांत कोणतीही शिवराई 'शिवकालीन' म्हणून दाखवली जाते. शाळांच्या प्रदर्शनातील पुठ्ठ्यावरही तेच लिहिलेले असते. घेणाऱ्याची फसवणूक होते ती वेगळीच. परंतु अधिक नुकसान इतिहासाचे होते. पेशवाईतील खेड्यापाड्यांच्या व्यवहाराची साक्ष देणारे नाणे एका राज्याभिषेकाचे स्मरणचिन्ह होऊन बसते आणि त्याची खरी साक्ष कोणी विचारत नाही.

ह्याच शिवराईच्या संग्राहकांत दुसरे टोकही आढळते. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रत्येक फरक, 'श'च्या जागी 'स', एखादा टिंब अधिक किंवा उणा, हा स्वतंत्र 'प्रकार' मानून याद्या वाढवल्या जातात आणि किमतीही. वास्तविक शिवराईच्या ठशाचा व्यास पुष्कळदा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे एका नाण्यावर ठशाचा एक भाग दिसतो, दुसऱ्यावर दुसरा. एकाच ठशाची दोन नाणी अननुभवी नजरेला दोन प्रकार वाटू शकतात. टिंब खरोखर कोरलेले नसले तर ते एक, आणि चकतीबाहेर राहिले तर ते दुसरेच. यादीत मात्र दोन्ही एकाच रकान्यात जातात.

मराठ्यांच्या टांकसाळींचा पद्धतशीर धांडोळा घेणारा महत्त्वाचा ग्रंथ नाशिकहूनच निघाला. अंजनेरी येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज ही संस्था १९८० साली डॉ. परमेश्वरीलाल गुप्त ह्यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स ह्यांचा मराठ्यांच्या टांकसाळी व नाणी ह्यांवरील ग्रंथ तिने १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात नाण्यांची विभागणी टांकसाळींनुसार केली आहे, हे आम्हांला विशेष वाटते. नाणे कोणाच्या नावाचे ह्याबरोबरच ते कोठे घडले हा प्रश्न विचारला, की अभ्यासाची दिशा बदलते.

प्रकाराला ठसा हवा

अमेरिकेच्या तांब्याच्या सेंटकडे पुन्हा एकदा वळू, कारण 'प्रकार' ह्या शब्दाची मर्यादा तेथे फार स्पष्ट दिसते. १७९३ ते १८१४ ह्या काळातील सेंटच्या ठशांची जी क्रमवारी जगभरचे संग्राहक वापरतात, ती विल्यम शेल्डन ह्यांची. तिचा ग्रंथ १९४९ साली निघाला. हेच शेल्डन व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ होते. माणसांचे शरीर तीन मूळ बांध्यांत मोडते आणि बांध्यावरून स्वभाव ओळखता येतो, हा त्यांचा सिद्धान्त एके काळी गाजला. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९४० चा.

एकाच माणसाने, सारख्याच चिकाटीने, दोन वर्गीकरणे केली. नाण्यांचे टिकले, त्यात नंतरच्या अभ्यासकांनी भर घातली, दुरुस्त्या केल्या, पण चौकट राहिली. बांधा आणि स्वभाव ह्यांच्या नात्याचा सिद्धान्त मात्र मानसशास्त्राने बाजूला ठेवला. ह्याचे कारण आमच्या मते असे : नाण्याच्या प्रत्येक प्रकारामागे पोलादाचा एक खराखुरा तुकडा होता. तो एका दिवशी कोरला गेला आणि एका दिवशी फुटला. तो ठसा आपण पाहिला नसला तरी त्याच्या खुणा कोणीही स्वतंत्रपणे ताडून पाहू शकतो. माणसांच्या बांध्यामागे असे ठसे नसतात. तेथे फरक सलग आहे आणि गटांच्या सीमारेषा पाहणाऱ्याने ओढलेल्या आहेत.

वनस्पतींच्या जाती, खडकांचे प्रकार, विद्यार्थ्यांच्या 'हुशार' आणि 'ढ' अशा कप्प्यांपर्यंत, जेथे जेथे वर्गीकरण येते तेथे हा प्रश्न विचारला पाहिजे : ह्या प्रकारामागे 'ठसा' आहे, की केवळ आपली रेघ?

वर्गात करून पाहण्यासारखे

हे सारे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी नाणी लागत नाहीत, बटाटे पुरतात. आठवीच्या वर्गाचे वीस गट करावेत. फळ्यावर एक चेहरा काढून तो मिनिटभर दाखवावा आणि पुसावा. प्रत्येक गटाने अर्ध्या बटाट्यावर तो चेहरा आठवणीने कोरावा आणि शाईत बुडवून कागदाच्या लहान चौकोनांवर दहा दहा ठसे उमटवावेत. प्रत्येक चौकोनामागे शिक्षकांनी गटाचा क्रमांक पेन्सिलीने टिपून ठेवावा. ह्या दोनशे चौकोनांची सरमिसळ करून ते दुसऱ्या वर्गाकडे न्यावेत आणि 'ही किती माणसांची चित्रे आहेत?' एवढेच विचारावे. येणारी उत्तरे म्हणजे स्कॉट ह्यांच्या युक्तिवादाची परीक्षाच होय.

पुढची पायरी नववी-दहावीसाठी. दोनशे चौकोनांतून डोळे मिटून तीस उचलायचे आणि ते ठशांनुसार लावायचे. समजा, तिसात सोळा निरनिराळे ठसे निघाले आणि त्यांपैकी सहा ठसे फक्त एकेकदाच आले. तर ६ भागिले ३०, म्हणजे एक पंचमांश. ह्याचा अर्थ असा की आपण अजून पाहिले नाहीत अशा ठशांचा एकूण चौकोनांतील वाटा अंदाजे २० टक्के आहे. पाहिलेल्या ठशांचा ८० टक्के. सर्व ठशांतून सारख्याच प्रती निघाल्या असतील, तर एकूण ठसे १६ भागिले ०.८, म्हणजे २०. उत्तर बरोबर गटांच्या संख्येइतके येते. प्रत्येक वेळी ते इतके चोख येणार नाही, पण जवळपास येत राहील.

हे सूत्र आय. जे. गुड ह्यांनी १९५३ साली मांडले आणि त्यामागील कल्पनेचे श्रेय ॲलन ट्युरिंग ह्यांना दिले. न पाहिलेल्या गोष्टींचा अंदाज पाहिलेल्या गोष्टींवरून बांधण्याची ही रीत नाण्यांच्या ठशांप्रमाणेच जंगलातील कीटकांच्या जातींनाही लागू पडते. एकेकदाच आढळणारे नमुने जितके अधिक, तितके अजून पाहायचे राहिलेले अधिक, हे तिचे सार विद्यार्थ्यांना सूत्राविनाही कळते.

साठा फुटला की

हिशेबाची ही सर्व सोय एका अटीवर अवलंबून आहे : नमुना एकत्र असला पाहिजे. जोगळटेंभीच्या नाण्यांचे मोल चांदीच्या भावात किंवा एकेका नाण्याच्या देखणेपणात नव्हते. १३,२५० नाणी एकाच भांडवलातून, एकाच ठिकाणी, एकाच वेळी बाजूला पडली, ह्यात ते होते. असा साठा फुटून संग्रहालयांत, व्यापाऱ्यांकडे आणि हौशी लोकांकडे विखुरला, की नाणी उरतात पण त्यांचे परस्परांशी असलेले नाते जाते. दोन नाण्यांच्या मागच्या बाजू एकाच ठशाच्या आहेत हे ओळखायला ती दोन्ही एका टेबलावर, निदान छायाचित्रांत, शेजारी शेजारी यावी लागतात.

खेड्यांत नांगराच्या फाळाला मडके लागण्याचे प्रसंग अजूनही घडतात आणि गावात त्याची पहिली खबर बऱ्याचदा शिक्षकाला लागते. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. कायद्याचा भाग झाला. अभ्यासाच्या दृष्टीने त्याआधीच्या काही तासांत काय होते हे अधिक निर्णायक असते. नाणी चिंचेने किंवा राखेने घासू नयेत. ठशाच्या बारीक तडा सर्वांत आधी त्यानेच नाहीशा होतात. चांगली आणि वाईट अशी निवड करू नये. झिजलेले नाणेही साखळीतला दुवा असते. वाटून घेऊ नयेत. मडक्याचे तुकडेसुद्धा टाकू नयेत. शक्य असल्यास प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावे आणि वजन लिहून ठेवावे.

शाळेत शिवराई असेल तर पुठ्ठ्यावर 'शिवकालीन' असे लिहिण्याऐवजी तिचे वजन, व्यास, वाचता येणारी अक्षरे, न दिसणारी अक्षरे आणि ती कोठून मिळाली हे लिहावे. तिच्या ठशाचे दुसरे नाणे जिल्ह्यातील एखाद्या शाळेत असू शकेल. ते सापडले, तर त्या दोन शाळांना महाराष्ट्राच्या एका टांकसाळीबद्दल काहीतरी खात्रीने म्हणता येईल.